काळ्या लोकरीच्या बाटल्या

१

दूध चोरीला गेलं होतं, आणि चोराने जाताना बाटल्या पुन्हा भरून ठेवल्या होत्या.

आमच्या डोंगरात मेंढ्या चोरीला जातात, देवदाराची लाकडं जातात. एकदा तर दवाखान्याच्या रुग्णवाहिकेची चारही चाकं गेली आणि ती बिचारी हिवाळाभर विटांवर उभी होती. पण आईचं दूध कुणी चोरल्याचं मी जन्मात ऐकलं नव्हतं. मी बस्सू, तिझीच्या या सरकारी दवाखान्याचा औषधवाला. राजधानीतून कुणी साहेब आला की दुभाषीही मीच, कारण डोंगरातल्या म्हाताऱ्यांना शहरी अरबी समजत नाही. समजत असली तरी त्या न समजल्याचं सोंग करतात.

अपुऱ्या दिवसांच्या बाळांची खोली आमच्याकडे वरच्या मजल्यावर आहे. तिथे मी अजूनही दबकत जातो. काचेच्या पेटीत ओंजळीएवढं माणूस झोपलेलं असतं, कातडीखालून त्याच्या शिरा दिसतात आणि छाती चिमणीसारखी उडत असते. एवढ्याशा देहात जीव कुठे धरून राहतो, हे मला इतक्या वर्षांत कळलेलं नाही. ज्यांच्या आयांना दूध नाही अशा बाळांना दुसऱ्या बायांचं दूध पाजून ती जास्त तगतात का, याचा अभ्यास डॉ. अनवारने वर्षभर चालवला होता. दूध बेताने तापवून निर्धोक करणारं यंत्र आलं, फ्रीज आला. लिहितावाचता न येणाऱ्या बायांनी आपली बाटली ओळखायला युक्ती काढली: प्रत्येकीने आपापल्या रंगाची लोकर बाटलीच्या गळ्यात बांधायची.

एक नियम मात्र लोखंडी होता. दूध निनावी द्यायचं नाही. एकीचं दूध प्यालेली मुलं सख्खी भावंडं होतात, पुढे त्यांची लग्नं होत नाहीत; म्हणून दोन बायांचं दूध एकत्र करायचं नाही, आणि दोन्ही घरांनी समोरासमोर बसून, नावं सांगून, चहा पिऊन होकार द्यायचा. जे नाही म्हणतील त्यांच्या बाळाला पावडरचं दूध.

त्या सकाळी एका नव्या बाळासाठी डॉ. अनवारने तूदा नावाच्या बाईच्या, काळ्या लोकरीच्या बाटल्या काढल्या. तिचं दूध अजून कुणालाच दिलं नव्हतं. तपासणीच्या यंत्रात थेंब टाकला आणि त्याचा चेहरा पडला.

"बस्सू, हे आईचं दूध नाही. पावडर आहे. सगळ्या बाटल्यांत!"

फ्रीजचं कुलूप शाबूत होतं. त्याची एकुलती एक किल्ली मुख्य परिचारिका फदमाच्या गळ्यात होती, आणि फदमाच्या गळ्यातून काही काढून घेणारा अजून जन्माला यायचाय.

२

संशोधनातल्या नीतीचं बघणाऱ्या समितीने राजधानी राबातहून लाल्ला घिता यांना पाठवलं; आमच्याकडे लाल्ला म्हणजे बाई, तसं सी म्हणजे राव. कानात मोती, अंगात राखी कोट, बर्फाच्या चिखलाने माखलेले बूट. मी मनात म्हटलं, ही बाई दोन कागद बघेल, तीन पेले चहा पिईल आणि घाट उतरेल.

"सी बस्सू, आधी बाटली द्या," त्या म्हणाल्या.

त्यांनी ती उघडली आणि अत्तर हुंगावं तशी हुंगली. मग मला हुंगायला लावली.

"कसला वास येतो?"

"दुधाचा. आणि झातरचा." डोंगरात बाळाचं पोट दुखू नये म्हणून या रानपाल्याचं उकळलेलं पाणी देतात. माझंही बालपण त्याच्यावरच गेलंय.

"बरं. आता माणसं बोलवा."

पहिली फदमा आली. हात कमरेवर, आवाज सगळ्या मजल्याला ऐकू जाईल असा.

"किल्ली माझ्याकडे, म्हणजे चोर मी? मग दवाखान्याच्या शवागाराची किल्लीही माझ्याकडेच आहे. तिथलं काही कमी झालं असेल तर तेही घाला माझ्या नावावर!"

"पावडरचं दूध कोण कालवतं?"

"ज्यांची बाळं त्यांच्या आज्या, दूध काढायच्या खोलीतल्या शेगडीवर. मला आठ हात नाहीत."

"तुम्ही स्वतः पाण्यात झातर घालता?"

"मी? माझ्या खोलीत झातर कुणी आणलेलं दिसलं तर मी त्याचाच काढा करीन."

मग पावडरच्या कंपनीचा विक्रेता जवाद आला. केसांना तेल, खिशात फुकट वाटायची पेनं. दुधाचा अभ्यास बुडाला तर याचा डबा खपणार, तेव्हा सगळ्यांचं बोट याच्याकडेच होतं.

"लाल्ला, मी धंदेवाला आहे, राक्षस नाही," तो म्हणाला. "आणि अभ्यास बुडवायचाच असता तर दूध नासवलं असतं. माझी पावडर फुकट कशाला घालवू?"

तो गेल्यावर लाल्ला घिता हसल्या. "लबाड आहे. पण बोलला ते खरं. ज्याला अभ्यास बुडवायचाय तो बाटली रिकामी ठेवतो, फोडतो, नासवतो. रोज गुपचूप भरून ठेवत नाही. ही बाटली भरणाऱ्याला वाटत होतं की सगळं आहे तसंच चालू राहावं."

डॉ. अनवार दारात उभा होता. "लाल्ला, समितीने अभ्यास बंद केला तर आत्ता दूध पिणाऱ्या बाळांचं काय?"

"आणि पळवलेलं दूध कुणाच्या तरी पोटात जातंय, त्या बाळाचं काय?" त्या म्हणाल्या. "चला, मला लंगोट दाखवा."

"काय दाखवा?"

"बाळांचे मळलेले लंगोट. सगळ्यांचे."

३

राबातची विदुषी कानातले मोती सावरत लंगोटांच्या बादलीवर वाकली, तेव्हा फदमाने माझ्याकडे असं बघितलं की मी खिडकीबाहेर पाहू लागलो.

"आईच्या दुधावरच्या बाळाची शी मोहरीसारखी पिवळी असते, वास बेताचा," लाल्ला घिता एकेक लंगोट बाजूला ठेवत म्हणाल्या. "पावडरवरच्या बाळाची फिकट, घट्ट, आणि वास... सी बस्सू, नाक धरा. हा पिवळाधमक कुणाचा?"

फदमाने तो लंगोट त्यांच्या हातातून घ्यायला पाहिलं.

"खिडकीजवळच्या पेटीतल्या पोरीचा," शेवटी ती म्हणाली.

त्या पेटीवर पावडरची खूण होती.

आम्ही पेटीजवळ गेलो. पोरगी आली तेव्हा मी तिला पाहिलं होतं, आणि घरी जाऊन बायकोला म्हणालो होतो की ही राहत नाही. पावडर तिला पचत नव्हती, पोट फुगायचं, रंग निळा पडायचा. आता तिच्या गालाला गाल म्हणता येत होतं. मूठ उघडत होती, मिटत होती. मला एकदम भरून आलं, आणि ते लपवायला मी खोकलो.

"हिला आईचं दूध मिळतंय. थांबवलं तर?" लाल्ला घितांनी विचारलं.

डॉ. अनवारने मान हलवली. "पुन्हा पावडरवर ती टिकणार नाही."

"मग कायद्याने का देत नाही?"

"आजोबांनी नाकारलंय. सही वडिलांची लागते, नाहीतर आजोबांची. वडील मेकनेसच्या तुरुंगात आहेत."

पुढचं मलाच सांगावं लागलं. गेल्या उन्हाळ्यात वरच्या कुरणावरून ऐत तमान आणि ऐत वझ्रू या दोन कुळांत दगडफेक झाली. ऐत वझ्रूचा एक तरणा मेंढपाळ गेला. दगड मारणारा ऐत तमानचा, या पोरीचा बाप. आणि मेलेल्या मेंढपाळाची बायको म्हणजे तूदा. ती पोटुशी होती. धक्क्याने तिचं मूल मेलेलंच जन्माला आलं, दूध मात्र भरभरून आलं. दवाखान्यात तेव्हा मोकळं, दुसऱ्या बाळासाठी न ठरलेलं दूध फक्त तिचंच होतं. नाव ऐकताच पोरीचा आजोबा मोहा चहाचा पेला उलथून निघून गेला होता.

लाल्ला घितांनी आधी पोरीच्या आजीला बोलावलं.

आजी येझ्झा आली. हातावर गोंदण, तोंडात शिव्यांचं पीठ दळायला ठेवलेलं.

"त्या घरचं दूध? त्या घरच्या विहिरीवर आमचं गाढवही पाणी पीत नाही! माझी नात पावडरवर वाढतेय, देवाची कृपा. शहरात शिकून हेच विचारायला आलीस का गं बाई?"

"झातर घालता का पाण्यात?"

"घालते. तुझ्या आईने नाही घातलं? म्हणून अशी वाळकी राहिलीस."

मी अर्धंच भाषांतर केलं. म्हातारी ताडताड चालत गेली, आणि मला हसू फुटलं: तिच्या जाडजूड टाचा चपलांच्या मागे पार लोंबत होत्या. इवल्याशा, पिवळ्या चपला.

मग तूदा. पंचविशीची, ओठ मिटलेले. ती शांतपणे म्हणाली की रोज येते, दूध काढते, बाटलीला लोकर बांधते आणि फदमाच्या हातात देते. पुढे त्याचं काय होतं ते फ्रीजला विचारा.

"खिडकीजवळच्या बाळाला कधी पाहिलंत?"

"ते बाळ माझ्यासाठी जन्मलेलंच नाही."

ती उठली आणि फटक फटक आवाज करत निघाली. पायांत केवढ्या तरी मोठ्या, लाल टिकल्यांच्या जुनाट चपला. डोंगरात चप्पल मापाने नाही, नशिबाने मिळते, असं मी लाल्ला घितांना म्हणालो आणि आपल्याच विनोदावर हसलो.

त्या हसल्या नाहीत. "सी बस्सू, दोघींच्या पायांत दुसरीच्या मापाच्या चपला का आहेत?"



४

औषधांच्या खोलीत बसून त्यांनी सगळं मांडलं.

"कुलूप शाबूत आहे, कारण फ्रीजमधून चोरी झालीच नाही. बाटल्या आत जातानाच पावडरने भरलेल्या होत्या. भरल्या कुठे? शेगडीच्या खोलीत. तिथे दोन प्रकारच्या बायका येतात, दूध काढणाऱ्या आणि पावडर कालवणाऱ्या. येझ्झा आपलं झातरच्या पाण्यात कालवलेलं पावडरचं दूध तूदाच्या बाटलीत ओतते, तूदाचं ताजं दूध आपल्या वाटीत घेते आणि चमच्याने नातीला पाजते. तूदाला काळी लोकर बांधलेली बाटली रोज द्यावीच लागते, कारण दूध आटलं म्हटलं तर तिला इथे येता येणार नाही. फदमा लंगोट धुते, तिला कळलं होतं. ती गप्प राहिली."

"मी कामात होते," दारातून फदमा पुटपुटली.

"हे सगळं कसं झालं ते मला कळलं. पण या दोघी एकमेकींचं तोंड बघणार नाहीत अशा. मग का? आणि चपला?"

मला माझ्या आजीच्या गोष्टी आठवल्या. आमच्या पूर्वजांत दोन कुळांचं रक्ताचं वैर मिटेनासं झालं की ताडा करायचे. अंगावर पाजणाऱ्या बायांचं दूध एका परातीतल्या कुसकुसवर, वाफवलेल्या रव्यावर, शिंपडायचे, दोन्ही कुळं ते खायची, मग दोन्हीकडच्या एकेका चपलेची जोडी लावून माणसांच्या जोड्या ठरवायचे, आणि जोडीतली दोघं चपला बदलून घालायची. त्यानंतर ती माणसं एकमेकांवर हात उचलत नसत. एक मागेल ते दुसऱ्याने नाकारायचं नाही. घोड्यांवरून बंदुका घेऊन फिरणारी माणसं गेली तशी ही रीतही गेली, असं मी समजत होतो. आणि इथे, माझ्या औषधांच्या कपाटापलीकडे, शेगडीच्या खोलीत, दोन बायांनी आपसातच ताडा केला होता.

"पण सिद्ध कसं करणार?" डॉ. अनवार म्हणाला. "दोघी बिनदिक्कत खोटं बोलतात."

"वेगवेगळ्या बोलतात," मी म्हणालो. माझाच आवाज मला ओळखू येईना. "ताडा केलेली माणसं एकमेकांच्या देखत खोटं बोलत नाहीत. बोललं तर पीक, गुरं, मूल, काहीतरी जातं. लाल्ला, दोघींना एकत्र बसवा आणि तेच विचारा."

बसवलं. दोघी शेजारी, नजर जमिनीवर.

"तूदा," लाल्ला घिता म्हणाल्या, "खिडकीजवळच्या बाळाला कधी पाहिलंत?"

तूदाने तोंड उघडलं. येझ्झाकडे बघितलं. तोंड मिटलं.

"इम्मा येझ्झा," त्या आमच्यासारखं आई म्हणत वळल्या, "नात कशावर वाढतेय?"

शिव्यांचं जातं थांबलं. म्हातारीने पदराने डोळे पुसले. "हिच्यावर," ती म्हणाली. "माझी पोर हिच्यावर वाढतेय."

"मागितलं कुणी?"

"मी," येझ्झा म्हणाली. "हिच्या पायाशी बसले. माझ्या पोराने तुझा नवरा मारला, म्हटलं, मला शिव्या दे, थुंक, पण पोरीला एक घोट दे."

तूदा हळूच म्हणाली, "मागायच्या आधीच येत होतं. भिंतीपलीकडे ती रडली की मला पान्हा फुटायचा. मी कानांत लोकर घालून बसले, तरी फुटायचा. शरीराला कसं सांगू हे रडू कुणाचं आहे ते?"

 

५

"आता काय करणार?" डॉ. अनवारने विचारलं. "कळवलं तर मोहा पोरीला घरी नेईल आणि ती मरेल. लपवलं तर..."

"लपवून वाचवलेलं बाळ उद्या त्या लपवण्यानेच मरेल," लाल्ला घिता म्हणाल्या. "आणि हिला जिने जन्म दिला त्या बाईला तुमच्यापैकी कुणी विचारलं? अनवार, तुझ्या नियमात बापाची सही आहे, आजोबाची आहे. आईची कुठे आहे? आणि इम्मा येझ्झा, तुम्ही दोघींनी एवढं केलंत, सुनेला सांगितलंत?"

येझ्झाने मान खाली घातली. तिनेही विचारलं नव्हतं.

आई हद्दा खालच्या वॉर्डात तापाने पडली होती, विशीच्या आतलीच. मी भाषांतर करत सगळं सांगितलं: दूध कुणाचं, ते न विचारता कसं दिलं गेलं, तिने नको म्हटलं तर थांबवू. ती माझ्याकडे, मग लाल्लांकडे बघत राहिली.

"मला विचारताय?"

"तुलाच."

"माझ्या लग्नातसुद्धा मला कुणी विचारलं नव्हतं," ती म्हणाली. मग उठून बसली. "द्या. आणि मला वर न्या. ती बाई कोण आहे ते मला बघायचंय."

तिला चाकांच्या खुर्चीतून वर आणेपर्यंत गावात वाऱ्याने बातमी पोचली होती. जिन्यावरून मोहा काठी आपटत आला, आणि त्याच्या मागोमाग तूदाचा दीर बन्नासर. दोन्ही कुळांची चार-चार माणसं पायऱ्यांवर. फदमा दारात आडवी उभी राहिली.

"पोरीला काढा बाहेर!" मोहा गरजला. "ऐत वझ्रूचं दूध आमच्या घशाखाली उतरणार नाही!"

"उतरलंय," येझ्झा म्हणाली. "रोज उतरतंय. म्हणून ती श्वास घेतेय. म्हाताऱ्या, काठी खाली कर."

बन्नासर तूदाकडे वळला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. "वहिनी, माझ्या भावाच्या मारेकऱ्याच्या पोरीला?" मग त्याला जणू वाट सापडली. "पण वाटीतलं, चमच्यातलं दूध ते. दवाखान्याचं औषध. त्याने कसलं नातं होतं? काही झालेलं नाही. घरी चल."

मोहानेही ती वाट पकडली. "हो. औषधच ते. काही झालेलं नाही."

दोन वैऱ्यांचं एकमत झालेलं मी पहिल्यांदाच पाहत होतो. लाल्ला घिता बोलायला गेल्या, पण तूदाने हात वर केला. ती हद्दासमोर जाऊन उभी राहिली. पोरीच्या आईकडे पाहिलं आणि वाट बघितली. हद्दाने होकाराची मान हलवली.

फदमाने पेटी उघडली. तूदा भिंतीशी बसली, पदर डोक्यावरून पुढे ओढला आणि पोरीला आत घेतलं.

डॉ. अनवार कुजबुजला, "तिला ओढता येत नाही. इतकी लहान बाळं ओढत नाहीत. जीवच नसतो तेवढा."

आम्ही सगळे उभे होतो. खाली कुणीतरी दार आपटलं, मग तेही शांत झालं. पदराखाली थोडी हालचाल झाली. आणि मग आवाज आला, बारीक, ओला, थांबत थांबत येणारा चोखण्याचा आवाज. एक घोट. थांबली. पुन्हा एक. एवढ्याशा जिवाने ते कुठून शिकून आणलं होतं, देव जाणे. डॉ. अनवारचे डोळे भरले. जिन्यावरच्या एकाने टोपी काढली, मग सगळ्यांनीच काढल्या, आणि कोण कुठल्या कुळाचा ते मला वेगळं सांगता येईना.

पोट भरेपर्यंत कुणी जागचं हललं नाही. आता याला औषध म्हणायची सोय कुणालाच राहिली नव्हती.

"नाव काय हिचं?" बन्नासरने विचारलं. आवाज घोगरा होता.

"ठेवलं नाही," हद्दा म्हणाली. "मरेल म्हणाले सगळे, म्हणून नाव ठेवताना कापतात तो मेंढा कापला नाही."

बन्नासर कितीतरी वेळ त्या पदराकडे बघत राहिला. आमच्यात पाजणारीचा नवरा बाळाचा बाप ठरतो, म्हणून तूदाचं दूध म्हणजे त्याच्या मेलेल्या भावाचं दूध; भावाची मुलगी म्हणजे त्याची कोण, ते तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं, पण ते तोंडाने म्हणायचं धाडस त्यालाच करायचं होतं.

"नावाचा मेंढा तुम्ही आणू नका," तो मोहाला म्हणाला. "काका आणेल."

मोहाने हातातली काठी भिंतीला टेकवली. तो पायरीवर खाली बसला, आणि बन्नासर त्याच्या शेजारी बसला.